कडू हातांची भाकरी

आज्जीच्या हातची भाकरी कडू लागायची. उगाच म्हणायचं म्हणून म्हणत नाही, खरंच कडू. ती निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होती, वेदगंगेच्या काठावरच्या आमच्या गावातनं पहाटे उठून चालत निघायची, दिवसभर तंबाखू चाळायची, पाखडायची, काड्या निवडायची, आणि दिवेलागणीला घरी आली की आधी चुलीतली राख घेऊन हात घासायची, मग चिंच, मग परत राख, तरी नखांच्या कडेला आणि पेरांवर जो तपकिरी रंग बसलेला असायचा तो काय जायचा नाही. त्याच हातांनी पीठ मळायचं, त्याच हातांनी भाकरी थापायची. आम्ही पोरं तोंड वाकडं केलं की म्हणायची, "कडू हाय म्हणून तर किडं पडत न्हाईत तुमच्या पोटात, खा गुमान." पदर नाकाला बांधायची सवय इतकी लागलेली की घरात चूल फुंकतानासुद्धा तिचा हात आपोआप पदराकडं जायचा. रात्री खोकायची. तो खोकला आमच्या घरातल्या घड्याळासारखा होता, त्यावरनं कळायचं किती वाजले.

हे सगळं आत्ता लिहायला बसलो कारण परवाच १ मे झाला. आमच्या बेळगाव जिल्ह्यात १ मेची गंमत नाही, दुखणं आहे. कोगनोळीचा नाका ओलांडून पलीकडं कागलला गेलं की १ मे म्हणजे आधी महाराष्ट्र दिन, अलीकडं मात्र सुट्टी फक्त कामगार दिनाची. माझ्यासारख्या सीमाभागातल्या मराठी माणसाच्या पोटात त्या दिवशी काहीतरी हलतंच. पण गेल्या काही वर्षांत मला वाटायला लागलंय की आपण त्या दिवसाकडं फक्त एकाच बाजूनं बघत आलो. महाराष्ट्र झाला तो कामगारांच्या जिवावर झाला. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनला जमलेल्या लोकांत गिरणगावातला माणूस होता, नंतर जानेवारी १९५६ मध्ये मुंबईत गोळ्या झेलणाऱ्यांत तोच होता, म्हणूनच तर हुतात्मा चौकातल्या शिल्पात मशाल धरलेले एक कामगार आणि एक शेतकरी आहेत. त्याच जानेवारीत १७ तारखेला आमच्या बेळगावात गोळीबार झाला. दर वर्षी १७ जानेवारीला आम्ही हुतात्मा चौकात जातो, फुलं वाहतो, मी स्वतः चुकवत नाही आणि चुकवणार नाही. पण तो मशालवाला कामगार आणि तो शेतकरी आमच्याच घरात होते, एका चुलीवर जेवत होते, आणि त्यांच्या लढ्याची तारीख मात्र माझ्या पिढीतल्या किती पोरांना माहितीय? विचारून बघा, ६ एप्रिल म्हटलं की निपाणीबाहेर कुणाच्याच डोक्यात काही येत नाही.

आमच्या घरात लागोपाठ तीन लढे झाले. १९८० च्या आगेमागे आज्जीचा, १९८१ ला आज्ज्याचा आणि १९८२ ला थोरल्या काकाचा. मी तेव्हा पाळण्यातनं नुकताच खाली उतरलेलो, त्यामुळं मला जे माहितीय ते सगळं रात्री अंथरुणात पडून ऐकलेलं.

आज्जीचं आधी सांगतो. निपाणीचा सगळा पैसा तंबाखूचा. शेतकऱ्याच्या रानातनं तंबाखू व्यापाऱ्याच्या वखारीत जायची, तिथं बायका ती चाळून, कुटून, प्रतवारी करून बोद भरायच्या, तीच तंबाखू पुढं विडीत जायची, आणि विड्या वळणाऱ्याही पुन्हा गावागावातल्या बायकाच, मांडीवर सूप घेऊन, तेंदूची पानं कातरून, हजाराच्या हिशोबानं. विडी कामगारांसाठी १९६६ चा कायदा होता, कागदावर होता. वखारीतल्या बाईला मात्र ना हजेरीचं कार्ड, ना बाळंतपणाची रजा, मुकादमानं उद्या येऊ नको म्हटलं की संपलं. आज्जी सांगायची की बाळाला घेऊन यायचं नाही म्हणून दम द्यायचे, मग बायका दुपारच्या सुट्टीत धावत घरी जाऊन पाजून यायच्या, ज्यांची घरं लांब त्यांचा पान्हा पोलक्यातच जिरायचा. यल्लम्माला सोडलेल्या बायकाही त्यांच्यात होत्या, त्यांना कोण काय बोलेल त्याला तर धरबंधच नव्हता. (देवदासी सोडण्यावर बंदीचा कर्नाटकचा कायदा १९८२ चा, म्हणजे हे सगळं चालू होतं तेव्हा तोही नव्हता.)

आणि मग सत्तरचं दशक संपता संपता निपाणीत संघटना उभी राहिली, प्रा. सुभाष जोशी आणि त्यांच्याबरोबरची माणसं विडीवाल्या आणि वखारीतल्या बायकांना एकत्र करत होती. आज्जी पहिल्या सभेला गेली ती भीत भीत, घरात न सांगता, भाजी आणायला जाते म्हणून. तिनं सांगितलेली एक गोष्ट मी कधी विसरत नाही. तिच्या रांगेत डाव्या हाताला बसणारी बाई कन्नड बोलायची, उजव्या हाताची मुसलमान, समोरची महारवाड्यातली, आणि इतकी वर्षं शेजारी बसून त्या एकमेकींच्या तांब्याला हात लावत नव्हत्या. काम बंद केलं त्या दिवशी सगळ्या वखारीच्या दारात उन्हात बसल्या, घसा कोरडा पडला, आणि कुणीतरी एक कळशी आणली, एकच. "मग काय, प्यालो की सगळ्याजणी," एवढंच म्हणायची, त्यावर जास्त काही बोलायची नाही. कन्नडमध्येही पगाराला पगारच म्हणतात, त्यामुळं घोषणा सगळ्यांना कळायची.

मजुरी वाढली. एकदम नाही, भांडून भांडून. हजेरी लागायला लागली, मुकादमाची जीभ जराशी आखूड झाली. आज्जीचं वाक्य होतं, "आधी आमास्नी नावच नव्हतं, 'ए बाय' होतं."

आता आज्जा. आज्ज्याची दीड एकर जमीन, त्यात तंबाखू. तंबाखूचं पीक म्हणजे लेकरू वाढवावं तसं, खुडायचं, बगलफूट काढायची, वाळवायची, दवाला जपायची, आणि एवढं करून माल वखारीत नेला की भाव व्यापारी सांगेल तो, पैसे महिन्या-महिन्यांनी, चिठ्ठीवर, त्यात घट, त्यात सूट. आणि इथं माझ्या घरातला सगळ्यात अवघड भाग येतो. आज्जा माल घेऊन गेला की व्यापारी म्हणायचा, बायकांनी मजुरी वाढवून घेतलीय, तुला भाव कुठनं देऊ? आणि आज्जी वखारीत बोलली की तोच म्हणायचा, शेतकरी भाव मागतोय, तुमची मजुरी कुठनं वाढवू? ही दोन उत्तरं काही महिने आमच्या घरात वेगवेगळ्या कोपऱ्यात पडून होती. आज्जा घुम्यासारखा बसायचा, बायकोच्या संघटनेवर त्याचा राग होता, तिच्यामुळं आपला भाव पडला असं त्याला खरंच वाटायचं. मग एका रात्री आज्जीनं त्याच्यापुढं ताट सरकवत विचारलं, "तुमाला काय म्हणाला त्यो?" त्यानं सांगितलं. "आन मला काय म्हणाला ठावं हाय?" तिनं सांगितलं. त्यावर दोघं बराच वेळ गप्प बसली असं आण्णा, म्हणजे माझे वडील, सांगतात, ते तेव्हा पंचविशीतले होते आणि सोप्यात पडून हे ऐकत होते. मी कामगार चळवळीवर पुढं बरंच वाचलं, पण व्यापारी दोघांना एकमेकांकडं बोट दाखवून कसा मोकळा राहतो हे त्या एका ताटावर जेवढं कळलं तेवढं मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही.

मार्च १९८१ मध्ये शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं निपाणीत तंबाखूच्या भावासाठी पुणे-बंगळूर हायवे अडवला. एक दिवस नव्हे, तीन आठवड्यांच्या वर. हजारो शेतकरी हायवेवरच राहायला गेले, त्या वस्तीला आंदोलननगर म्हणत. सुभाष जोशी, ज्यांनी बायकांची संघटना बांधली, तेही या आंदोलनात होते, म्हणजे आमच्या घरातलं जे कोडं एका ताटावर सुटलं ते निपाणीत रस्त्यावर सुटलं होतं. एवढ्या माणसांना खायला कोण घालत होतं? गावं घालत होती. आमच्या गावातनं रोज गाडी जायची, प्रत्येक घरातनं भाकऱ्या, खर्डा, कांदे, धडप्यात बांधलेले. आज्जी वखारीतनं येऊन रात्री परातभर पीठ मळायची, शेजारच्या दोघी-तिघी आमच्याच चुलीवर यायच्या, कारण आमची चूल दोन तोंडांची होती. त्यातल्या एकीचा दीर व्यापाऱ्याकडं दिवाणजी होता, तरी ती यायची.

६ एप्रिल १९८१ ला पोलिसांनी आंदोलन मोडलं, गोळीबार झाला. बारा शेतकरी गेले. आज्जा रात्री उशिरा उसाच्या रानातनं वाट काढत घरी आला, काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशीच्या भाकऱ्या भाजून झालेल्या होत्या, बुट्टी भरून दारात ठेवलेली, वर ओलं फडकं. आण्णा म्हणतात त्या बुट्टीकडं बघणं सगळ्यात वाईट होतं, कारण आता त्या न्यायच्या कुठं? शेवटी गावात वाटल्या. कुणी नको म्हटलं नाही, आणि कुणाला घास गिळलाही नाही.

नऊ महिने आधीच, जुलै १९८० मध्ये, नरगुंद-नवलगुंदच्या शेतकऱ्यांवरही गोळीबार झालेला. ते कन्नड शेतकरी, मलप्रभेच्या कालव्याखालचे, पाण्याच्या आकारणीविरुद्ध उठलेले, आणि तिथनंच पुढं कर्नाटकात रयत संघाची चळवळ उभी राहिली. मलप्रभा उगम पावते ती आमच्या खानापूर तालुक्यात कणकुंबीला. म्हणजे नदी मराठी गावात जन्मते आणि खाली कन्नड गावात तिच्या पाण्याच्या हिशोबावरनं माणसं मरतात, आणि गोळी चालवणारं सरकार दोन्हीकडं तेच, तेव्हाचे मुख्यमंत्री गुंडूराव यांचं. भाषेचा आमचा प्रश्न खोटा नाही, १९८६ च्या कन्नडसक्तीच्या आंदोलनातही या भागात माणसं गोळीनं गेली, ती घरं मी बघितलीत. पण नरगुंद आणि निपाणी ही दोन नावं मी कायम एका दमात घेतो आणि मला वाटतं ती तशीच घेतली पाहिजेत.

काकाचा संप सगळ्या देशाला माहितीय. १८ जानेवारी १९८२, डॉ. दत्ता सामंत, मुंबईतले जवळपास अडीच लाख गिरणी कामगार. काका साचाखात्यात, म्हणजे मागावर होता, १९६९ ला चिंचपोकळीच्या गावकीच्या खोलीत वळकटी टाकली, आठ वर्षं बदली म्हणून काढली, म्हणजे रोज पाळीच्या वेळेला गेटवर उभं राहायचं आणि कुणी गैरहजर असला तर आत. एका खोलीत तीस-चाळीस जण, पाळ्या वेगवेगळ्या म्हणून झोपायला जागा पुरायची. मागण्या पगाराच्या होत्या, बदलीवाल्यांना कायम करा ही होती, आणि सगळ्यात मोठी म्हणजे १९४६ चा तो कायदा रद्द करा, ज्याच्या जोरावर कामगारांना नको असलेली एकच युनियन त्यांच्या नावानं सही करायची. ही मागणी सरकारला सगळ्यात जड गेली असं माझं स्पष्ट मत आहे. पैसे एकवेळ दिले असते.

लोक म्हणतात मुंबईचा कामगार लढाऊ. होताच. १९०८ ला टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा सहा दिवस गिरण्या बंद पाडल्या, १९२८ ला लाल बावट्याखाली सहा महिने संप चालवला. पण सहा महिने पगाराशिवाय माणूस जगतो कसा, हा प्रश्न इतिहास सांगणारे फार घाईघाईत उरकतात. तो जगायचा वाण्याच्या उधारीवर, पठाणाच्या व्याजावर, खानावळवालीच्या वहीवर आणि गावाकडच्या जोंधळ्यावर. संप लांबला की निम्मी मुंबई एसटीत बसून कोकणात, साताऱ्याला, कोल्हापूरला, आमच्या चंदगड-बेळगावकडं यायची, म्हणजे संपाचा निम्मा खर्च गावातल्या बायका उचलायच्या आणि त्यांचं नाव कुठल्याच मागणीपत्रावर नसायचं. मालकाला वाटायचं कामगार उपाशी मरेल, तो मरत नव्हता कारण दीड-दोनशे कोसांवर कुणीतरी त्याच्या वाट्याची भाकरी थापत होतं. नारायण मेघाजी लोखंडेंनी १८९० ला रविवारची सुट्टी मिळवून दिली, बाबासाहेब मजूर मंत्री असताना आठ तासांचा निर्णय झाला, हे आपण अभिमानानं सांगतो आणि सांगावंच. आज्जीचा रविवार मात्र धुण्याचा असायचा.

काका जून १९८२ ला गावी आला. पुढं ऑगस्टमध्ये मुंबईत पोलिसच संपावर गेले, दंगल झाली, ते त्यानं आमच्या सोप्यात बसून रेडिओवर ऐकलं. तो रोज म्हणायचा पुढच्या महिन्यात मिटेल. त्या दीड वर्षात आमचं घर कुणावर चाललं? तंबाखूचा भाव पडलेला, आज्ज्यावर केस, काका रिकामा, काकू आणि तिची दोन पोरं, आम्ही. घर चाललं वखारीच्या पगारावर. दोन वर्षांपूर्वी बायकांनी उन्हात बसून जी मजुरी वाढवून घेतली होती त्या वाढीवर देशातल्या सगळ्यात मोठ्या संपांतला एक संप आमच्या घरापुरता तगला. हे मला फार उशिरा कळलं, चाळीशी ओलांडल्यावर, आणि कळलं तेव्हा आज्जी नव्हती.

संप कुणी मागे घेतलाच नाही. तो आजही कागदोपत्री संपलेला नाही. काका परत घेतला गेला नाही, निपाणीत एका दुकानात हमाली केली, २००९ ला गेला.

त्यानंतर गिरणी कामगारांच्या वारसांना घरं मिळणार म्हणून अर्ज सुरू झाले. चुलतभावानं मला कागदपत्रं बघायला बोलावलं, मी बेळगावला उद्यमबागेत एका कारखान्यात हिशेब बघतो त्यामुळं घरात कागदाचं काम आलं की माझ्याकडंच येतं. काकाची लोखंडी ट्रंक उघडली. मृत्यूचा दाखला कन्नडमध्ये, वारसदाखला कन्नडमध्ये, त्यात काकाच्या आडनावाला एक जादा अक्षर लागलेलं. मुंबईतल्या कार्यालयात खिडकीवरच्या माणसानं कागद उलटा-सुलटा करून बघितला आणि म्हणाला, हे कुठल्या राज्याचं आहे? मी म्हटलं, साहेब, माणूस तुमच्याच शहरात तेरा वर्षं राबला. तो म्हणाला भाषांतर करून, नोटरी करून आणा. आणलं. मग नाव जुळत नाही. मग ते जुळवून आणलं. तीन फेऱ्या झाल्या, नंबर अजून लागलेला नाही, आणि मला त्या माणसाचा राग येत नाही, राग याचा येतो की काकाच्या राबण्याला हद्द नव्हती आणि त्याच्या कागदाला आहे.

त्याच ट्रंकेत गिरणीचं रजेचं कार्ड सापडलं, आणि त्याच्याखाली एक छोटी वही, पुठ्ठा निघालेला, खानावळीची. रोजच्या दोन वेळच्या खुणा, रविवारी मटणाची वेगळी. जानेवारी ८२ नंतर पैसे मिळाल्याची नोंद नाही, खुणा मात्र जूनपर्यंत चालू. साडेचार महिने त्या बाईनं पगार बंद असलेल्या माणसांना जेवू घातलं. गिरणगावात अशा शेकडो बायका होत्या, १९७४ च्या बेचाळीस दिवसांच्या संपातही त्यांनी हेच केलं आणि स्वतः कर्जात बुडाल्या, ते बघूनच प्रेमा पुरवांनी १९७५ ला अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. वहीच्या शेवटच्या पानावर एक आडवी रेघ होती आणि तिच्याखाली एक अंगठा.

काकू म्हणाली, "त्यो अंगठा मावशीचा. तुला म्हाईत न्हाई व्हय?"

१९८४ च्या उन्हाळ्यात आज्जीनं वखारीत साठवलेले पैसे लुगड्याच्या घडीतनं काढले आणि काकाला म्हणाली, चल. काका नको नको म्हणत होता, अख्ख्या खोलीचं देणं राहिलंय, एकट्यानं देऊन काय होणार. आज्जीनं ऐकलं नाही. निपाणीहून एसटीनं कोल्हापूर, तिथनं रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस, आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटची मुंबई. समुद्र बघितला नाही. चिंचपोकळीला जिन्याखालच्या खोलीत ती मावशी स्टोव्हपुढं बसलेली होती, गिऱ्हाईक कमी झालेलं, डब्यावर डबे रिकामे रचलेले. काकानं ओळख सांगितली. मावशीनं वही बघायच्या आधी आज्जीचे हात बघितले आणि विचारलं, "तंबाखूत काय?" ती आजऱ्याकडची होती, तिची बहीण निपाणीला विड्या वळायची. मग पैसे मोजले, रेघ मारली, अंगठा उठवला, आणि जेवल्याशिवाय जायचं नाही म्हणाली.

आज्जी गावी आल्यावर शेजारणी विचारायला जमल्या, मुंबई कशी हाय, काय काय बघितलंस. आज्जी भाकरी थापत होती. म्हणाली, "वांग्याचं कालवण केलतं तिनं. भाकरी दोन खाल्ल्या. दुसऱ्याच्या हातची किती वर्सानं खाल्ली गं."